‘पोपटपंची’च्या निमित्ताने

नमस्कार काका,

(वयाने वडीलधारा आहे असं तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.)

मागच्या लेखात मी उम्बेर्तो वेलेसबद्दल लिहिलं होतं. मेक्सिकोतला हा आवाजाचा कलाकार म्हणजे ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या होमर या बापाचा लॅटिन अमेरिकेतला आवाज, आणि बरीच वर्षं त्या डबिंगचा दिग्दर्शकही. त्यावर तुमचं म्हणणं असं की डबिंग ही पोपटपंची, खरं श्रेय मूळ आवाजाचं, म्हणजे डॅन कॅस्टेलानेटाचं. २००५ मध्ये वेलेसने युनियनपायी चालू काम घालवणं हा हट्टीपणा, त्याचं कौतुक कशाला? आणि शेवटी, ‘मूळ भाषेत, सबटायटल लावून बघावं, बाकी सगळी भेसळ.’

कॅस्टेलानेटाबद्दल तुमचं बरोबर आहे. वेलेसबद्दलचं ‘होमर त्याने घडवला’ हे माझं वाक्य भावनेच्या भरात गेलं. होमर आधीच घडलेला होता. पण स्पॅनिशमध्ये तो होमर नाहीच, ‘होमेरो’ आहे, आणि तिकडे ‘ह’ उच्चारत नाहीत म्हणून ‘ओमेरो’. हा ओमेरो मात्र कोणीतरी घडवावा लागला.

डबिंगमध्ये आधी भाषांतर येतं, मग ते तोंडात बसवावं लागतं. पडद्यावरचे ओठ मिटले की तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी हवं. शाळेत ‘ओष्ठ्य व्यंजनं’ पाठ केली त्यांचा उपयोग होताना मी इथेच पाहिला. कार्टूनमध्ये थोडी सूट मिळते, पण वेळेची मिळत नाही. इंग्रजीत चार शब्दांत संपणारं वाक्य स्पॅनिशमध्ये सहा-सात शब्दांवर जातं, तोंड तर तेवढाच वेळ उघडं. काय गाळायचं, विनोद कुठे सरकवायचा, हे दिग्दर्शक ठरवतो. पोपटाला गाळता येत नाही, काका.

नावांचंच बघा. क्रस्टी या विदूषकाचा जोडीदार मूळ इंग्रजीत ‘साइडशो बॉब’. स्पेनमध्ये त्याचा शब्दशः ‘दुय्यम नट बॉब’ झाला. मेक्सिकोत तो झाला ‘बॉब पातिन्यो’. पातिन्यो म्हणजे तिकडच्या विनोदी खेळांत मुख्य विनोदवीराला वाक्यं पुरवणारा आणि त्याच्याच टपल्या खाणारा जोडीदार. एका शब्दात त्या माणसाचं सगळं दुखणं आलं, आणि तो पुढे क्रस्टीवर का उलटतो तेही. पोलिस प्रमुख विगम तिकडे ‘गोर्गोरी’ आहे. मारामारी करणाऱ्या मांजर-उंदरांची नावं ‘टॉमी’ आणि ‘डेली’, स्पॅनिश कानाला ती जवळजवळ ‘हा घे, दे त्याला’ अशी लागतात.

इथे माझी आणखी एक चूक कबूल करतो. हे सगळं मी वेलेसच्या खात्यावर मांडलं होतं. मालिकेच्या सुरुवातीला डबिंगचा दिग्दर्शक फ्रान्सिस्को कोल्मेनेरो होता, वेलेसकडे ती खुर्ची नंतर आली. तेव्हा पातिन्योचं श्रेय त्याला देता येत नाही.

आता २००५. डबिंग करणाऱ्या कंपनीला संघटनेबाहेरचे कलाकार घेण्याची मोकळीक हवी होती. मेक्सिकोतली नटांची राष्ट्रीय संघटना ‘आन्दा’ याला तयार नव्हती. वेलेस आणि त्याचे सहकारी संघटनेच्या बाजूने राहिले आणि पंधरा सीझनचं काम त्यांच्या हातून गेलं. सोळाव्यापासून नवे आवाज आले, त्यांतला व्हिक्टर मान्वेल एस्पिनोसा सर्वांत जास्त काळ ओमेरो होता. तुम्ही याला हट्ट म्हणता. पण पडद्यावर ज्याचा चेहरा दिसतो तो नट रुसला तर शूटिंग थांबतं, डबिंगवाल्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा करता येतो. एकजूट सोडली तर त्याच्या हातात दुसरं काय असतं? आणि यात वेलेसची चैन झाली असंही नाही. मालिका डिस्नेकडे गेल्यावर, बत्तिसाव्या सीझनला तो परतला, तोवर त्याने पासष्टी गाठली होती.

तिकडचे चाहते सोळाव्या सीझनपासून मालिका मेली असंच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण तोवर मूळ लेखनही उतरलेलंच होतं. उलट स्पेनचं उदाहरण घ्या. तिथला होमर आणि डबिंगचा दिग्दर्शक कार्लोस रेविया (‘नाइट रायडर’मधली बोलणारी गाडीही स्पेनमध्ये त्याच्याच आवाजात बोलायची) २००० मध्ये वारला. कार्लोस इस्बेर्त आला, लोक थोडे कुरकुरले आणि रुळले. मृत्यूने नेलेला आवाज लोक सोडून देतात, पण भांडणात गेलेला आवाज त्यांना परत हवा असतो.

सबटायटलची गंमत सांगू? तुम्हाला हवा तो नियम मेक्सिकोत कायद्यानेच होता. १९४९ च्या चित्रपट कायद्याने परदेशी सिनेमे थिएटरात मूळ भाषेत दाखवायचे ठरलं. हेतू भाषेच्या शुद्धतेचा नव्हता, देशी सिनेमाचा धंदा वाचवायचा होता. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने १९४१ मध्ये बरोबर उलट, डबिंगची सक्ती केली होती. मेक्सिकोचा कायदा टीव्हीला लागू नव्हता, आणि तिथलं डबिंग फोफावलं ते टीव्हीवर. टीव्हीसमोर बसलेलं सहा वर्षांचं पोर सबटायटल वाचणार कसं? तुमच्या नातवंडांना विचारा, ‘पुष्पा’ त्यांनी तेलुगूत पाहिला की श्रेयस तळपदेच्या हिंदीत.

मी स्वतः मात्र मोठ्यांचे सिनेमे सबटायटल लावूनच बघतो. त्या बाबतीत आपलं भांडण नाही.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे जुना लेख परत वाचला, तेव्हा आणखी एक घोळ सापडला. वेलेसचं जन्मगाव मी वेराक्रूस शहर असं लिहिलं होतं. ते ओरिसाबा आहे, वेराक्रूस हे राज्य. दुरुस्त केलंय.