आईला घेऊन इझमिरला, आणि तेही लॉजवर

तुर्कस्तानातल्या इझमिरचा फोटो बघून मामेभावाने पहिला प्रश्न विचारला तो हा: "आत्याला एवढ्या लांब नेलंस आणि लॉजवर ठेवलंस?" फोटोत आई खिडकीशी बसून चहा पितेय. मागच्या भिंतीला पोपडे आलेत आणि पोपड्यांवर तुर्कस्तानच्या संस्थापकाची, अतातुर्कची, तसबीर टांगलेली आहे. भावाला फक्त पोपडे दिसले. फोनवर उत्तर दिलं, पण माझं समाधान झालं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय. चहा घेऊन बसा.

मी श्टुटगार्टला राहते. आई दापोलीजवळच्या मुरूडची. 2024 च्या सप्टेंबरात ती माझ्याकडे आली आणि ऑक्टोबर लागताच इथल्या करड्या आभाळाला कंटाळली. "एवढ्या मोठ्या देशात जवळपास समुद्र नाही?" आहे, पण सात-आठशे किलोमीटरवर, आणि तो बघून ती आणखीनच कुडकुडली असती. इथली माणसं अशा वेळी उठतात आणि तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अंतल्याला जातात. विमानतळावरून बस थेट रिसॉर्टच्या दारात, मनगटाला पट्टा, तीन वेळा बुफे, आणि आठवड्याने तसंच परत. लहान मुलं असतील तर मीही तेच करीन, नाक मुरडत नाही. पण आईला पट्टा बांधून बुफेपुढे उभं करणं मला जमणार नव्हतं. तिने पंचवीस वर्षं मुरूडला घरच्या चार खोल्या पर्यटकांना दिल्या, जेवणासकट. पाहुण्यांचं ताट वाढण्यात जिचा जन्म गेला ती बुफेत रमत नाही, उरलेलं अन्न मोजत बसते.

व्हिसाचं एका वाक्यात सांगते, कारण ते विचारतातच. भारतीय पासपोर्टवर चालू शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा असेल तर तुर्कीचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण शेंगेन एकदाच प्रवेशाचा असेल तर जर्मनीत परत येताना दार बंद, तेव्हा मूळ अर्जातच बघून घ्या.

तर इझमिर. विमानतळावरूनच इझबान नावाची लोकल मिळते, हिलाल स्टेशनला उतरून मेट्रो धरायची, पुढचंच स्टेशन बासमाने. 'बासमा' म्हणजे छापील सुती कापड, आणि इथे ते छापायचे कारखाने होते म्हणून बासमाने. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे छीट. मग छीटवाडी म्हण ना." पुढचे सहा दिवस आमच्यासाठी ते छीटवाडीच होतं.

ह्या छीटवाडीत 1866 सालचं रेल्वे स्टेशन आहे आणि स्टेशनसमोर, आपल्याकडे असतात तशीच, स्वस्त हॉटेलांची गल्ली. इझमिरमध्ये बहुतेक गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. ही 1296 नंबरची, पण लोक तिला सरळ 'हॉटेलांची गल्ली'च म्हणतात. जुनी दुमजली घरं, पुढे आलेले लाकडी सज्जे. 1922 च्या सप्टेंबरातल्या आगीत ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्यांचा मोठा भाग जळून गेला. जळालेल्या जागेवर पुढे मोठं उद्यान झालं, जिथे अजून इझमिरची जत्रा भरते. ते उद्यान स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. आमचं हॉटेल ह्या गल्लीतलं नाही, तिच्या मागच्या अंगाला. नाव देत नाही, का ते पुढे येईल.

पहिली रात्र वाईट गेली, हे आधीच कबूल करते, नाहीतर म्हणाल कौतुकच चाललंय. बुकिंग करताना 'खिडकी आहे' असं लिहिलं होतं. खिडकी होती. उघडली तर हातभर अंतरावर भिंत आणि खाली कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला लसूण. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावते. बॅग मोठी असेल तर माणसाने जिना चढायचा. स्वस्त हॉटेल घेणाऱ्याने किती तारे आहेत ते बघूच नये. खिडकी कशावर उघडते, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि दाराला आतून कडी आहे का, एवढं विचारावं. आणि बासमाने रात्री दहानंतर बायकांनी रमतगमत फिरायची जागा नाही. वाईट काही घडलं नाही, पण चहाच्या दुकानांबाहेर नुसते पुरुष बसलेले असतात आणि सगळे बघतात. आम्ही साडेनऊला खोलीत असायचो.

सकाळी खाली गेले. काउंटरवर विशीतला मुलगा. त्याला इंग्रजी येईना, मला तुर्की येईना. त्याने आतून मालकांना बोलावलं, आणि साठीतल्या त्या गृहस्थांनी तोंड उघडलं तर काय, अस्सल श्वाबी, म्हणजे श्टुटगार्टकडच्या हेलातलं जर्मन! माझ्या शेजारच्या आजी बोलतात तसं. 1961 साली जर्मनीने तुर्कीशी कामगारांचा करार केला, त्यानंतरच्या लाटेत त्यांचे वडील श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात आले होते. हे तिथेच शाळेत गेले आणि वडिलांनी पुढे परतायचं ठरवलं तेव्हा मनाविरुद्ध परतले. एक मराठी बाई आणि एक तुर्की गृहस्थ इझमिरमध्ये उभं राहून श्वाबी नूडल्सवर दहा मिनिटं बोलले. खोली बदलून मिळाली. तिसरा मजला, रस्त्याकडची खिडकी. फोटोतली तीच.

आईचं मात्र भाषेवाचून अडलं नाही. साबण संपला, ती 'साबण' म्हणाली, मुलाने 'साबुन' आणून दिला. दुकान म्हणजे 'द्युक्क्यान', साखर म्हणजे 'शेकेर', बिनसाखरेची कॉफी 'सादे', पनीर म्हणजे 'पेयनिर', बिल म्हणजे 'हेसाप', म्हणजे आपला हिशेबच. आत्मविश्वास एवढा वाढला की तिसऱ्या दिवशी तिने काउंटरवर जाऊन जास्तीची 'चादर' मागितली. मुलगा गोंधळला. 'चादिर' म्हणजे तुर्कीत तंबू. ह्या तेयझेला (तेयझे म्हणजे मावशी, तो तिला तसंच म्हणायचा) तिसऱ्या मजल्यावर तंबू कशाला हवा असेल, ह्या काळजीने त्याने परत मालकांना बोलावलं.

आणि हो, संडासात पाण्याचा नळ! तुर्कस्तानात कमोडच्या आतच बारीक नळी असते आणि बाजूच्या भिंतीला तिची तोटी. जर्मनीत दीड महिना कागदावर काढलेल्या आईने ती तोटी फिरवून बघितली आणि जे तोंडभरून आशीर्वाद दिले, ते एफेसस ह्या प्राचीन शहराच्या अवशेषांनाही मिळाले नाहीत. एफेससला बासमानेवरूनच गाडी जाते, सेल्चुकला उतरायचं. तिकीट परदेश्यांना तेव्हा 40 युरो होतं. आमच्या दोघींच्या खोलीपेक्षा जास्त, आणि तेही एका माणसाचं.

आता खोलीचा दर. इथेच माझं म्हणणं आहे. रात्रीचे 1300 लिरा, दोघींचे, नाश्त्यासकट. म्हणजे तेव्हाचे साधारण 35 युरो, तीन हजारांच्या वर थोडे रुपये. पहिल्या दिवशी मीही खूश झाले. घरच्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा, 'एवढ्यात आपल्याकडे अलिबागलाही धड खोली मिळत नाही.' चौथ्या दिवशी काउंटरवरच्या मुलाशी मोबाइलवर भाषांतर करत बोलत होते. त्याला किमान वेतन मिळायचं. 2024 सालासाठी ते हातात 17,002 लिरा होतं, जानेवारीत लागू झालं ते वर्षभर तेच. तोंडातल्या तोंडात भागाकार केला. आमच्या खोलीचं तेरा रात्रींचं भाडं म्हणजे त्याचा महिन्याचा पगार. 2021 च्या सुरुवातीला एका युरोला नऊ लिरा मिळायचे, आम्ही गेलो तेव्हा सदतीस. मी काही हुशारीने स्वस्त हॉटेल शोधलं नव्हतं. त्याचा पगार पातळ झाला, म्हणून माझी खोली स्वस्त झाली.

'बजेट ट्रॅव्हल' म्हणून आपण जे मिरवतो त्यात आपलं कर्तृत्व किती आणि दुसऱ्याच्या चलनाची पडझड किती, हे कोणी लिहीत नाही. वर परत घासाघीस. "रोख देते, कमी करा." "दोन रात्री जास्त राहते, नाश्ता फुकट द्या." मी स्वतः हे केलंय, लिस्बनला, बालीला. इझमिरलाही करणार होते. मालकांनी आपणहून सांगितलं होतं की रोख दिलेत तर शंभर कमी करतो. आईने मध्येच हात आडवा घातला. "काही कमी नको. पूर्ण दे." खोलीत आल्यावर म्हणाली, "माझ्याकडे पुण्याहून गाड्या घेऊन लोक यायचे. सोलकढीचे चार-चार पेले रिचवायचे आणि निघताना म्हणायचे, काकू, घरगुती आहे तर थोडं घरगुती लावा ना. घरगुती म्हणजे फुकट का गो?"

तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. पंचवीस वर्षं मी त्याच घरात सुट्टीला येत होते.

तरीही पुढच्या वेळी अशाच हॉटेलात उतरणार. स्वस्त आहे म्हणून नाही. इझमिरचा समुद्र पोहायचा समुद्रच नाही. शहर लांबलचक आखाताच्या आतल्या टोकाला बसलंय, पाणी खाडीसारखं शांत. त्याच पाण्यात 2024 च्या ऑगस्टमध्ये ढिगांनी मासे मरून वर आले आणि किनाऱ्यावर उभं राहवेना असा वास सुटला होता. आम्ही गेलो तेव्हा वास नव्हता. ज्यांना डुंबायचंय ते चेश्मेला जातात किंवा फोचाला. मग इझमिरमध्ये समुद्रासमोरची महागडी खोली घेऊन काचेतून ते पाणी बघण्यात काय हशील? इथला समुद्र कोनाकच्या धक्क्यावरून कार्शियाकाची बोट पकडून बघायचा. वीसेक मिनिटांचा प्रवास, हातात गेवरेक, मागे सीगलांची झुंबड. गेवरेक म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं. बाकी तुर्कस्तान त्याला सिमित म्हणतं, पण इझमिरमध्ये सिमित म्हणालात तर विकणारा दुरुस्त करतो. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्याला 'इम्बात' म्हणतात आणि त्याच्या भरवशावर अख्खं शहर सावलीत बसून वाट बघतं, असं मालक सांगत होते. आईने विचारलं, "आणि रात्री उलटा वाहतो?" ते चकित झाले. खारे वारे आणि मतलई वारे काय फक्त कोकणातच असतात?

नाश्ता तळघरात. ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, पांढरं पेयनिर, उकडलेलं अंडं, अंजिराचा मुरंबा, पाव, आणि चहा मागाल तेवढा. स्वयंपाकघरातल्या बाई दर दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या भट्टीतून बोयोझ आणायच्या, पापुद्र्यांची गोल खारीच म्हणा. 1492 साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू इथे आले, त्यांच्याबरोबर हे आलं. आईने एक फोडून बघितला आणि म्हणाली, "तेलाचं मोहन जास्त आहे." दोन खाल्ले.

त्याच तळघरात मालकांनी 2015 चं सांगितलं. त्या उन्हाळ्यात बासमाने सीरियातून आलेल्या लोकांनी भरून गेलं होतं. चपलांच्या दुकानांत लाइफ जॅकेटं लटकत होती, खालच्या चौकात मशिदीजवळ लोक उघड्यावर झोपत होते. इथल्या खोल्यांमध्ये एकेका पलंगावर चार जण. रात्री कोणीतरी येऊन त्यांना किनाऱ्यावर न्यायचं, पलीकडच्या ग्रीक बेटांकडे जाणाऱ्या रबरी बोटींसाठी. "सकाळी खोली रिकामी. पोचले का, ते कधीच कळायचं नाही." आमची तिसऱ्या मजल्यावरची खोली होती का त्यात, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. समुद्रासमोरच्या हॉटेलात मला हे कोणी सांगितलं नसतं, भावा.

नाव का देत नाही? तुम्ही जाल, लसणाच्या खिडकीची खोली मिळेल आणि एक तारा देऊन याल. त्या मुलाला तो एक तारा परवडणारा नाही. गल्ली सांगितली आहे, चार हॉटेलं बघून पाचवं तुम्हीच निवडा.

शेवटच्या दिवशी केमेराल्ती बाजारात गेलो. तिथे 1744 सालचा 'किझलारआसी हान' आहे, आपल्या भाषेत सराई. खाली माल आणि जनावरं, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, मध्ये अंगण. आता त्या अंगणात कॉफी मिळते. आई मान वर करून वरच्या खोल्या मोजत राहिली. मग शेजारच्या तांबटाच्या दुकानात शिरली. लांब दांडीचं तांब्याचं कॉफीचं भांडं उचललं, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "कल्हई?" म्हातारा तांबट म्हणाला, "कालाय, कालाय." दोघांचे चेहरे उजळले. पुढचा अर्धा तास बोटांवर आकडे दाखवत अशी घासाघीस चालली की मी बाहेर जाऊन सूर्यफुलाच्या बिया खात बसले. साडेपाचशेचं भांडं साडेतीनशेला घेऊन आई बाहेर आली.

"हॉटेलात काही कमी नको म्हणालीस, आणि इथे?"

"हॉटेलवाला माझ्या धंद्यातला," ती म्हणाली आणि भांडं पिशवीत साडीच्या घडीत नीट गुंडाळून ठेवलं.