एफईआरवर (पेटंट अर्जाच्या पहिल्या तपासणी अहवालावर) अपील होत नाही: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आपण दोन तारे देताना तीन तक्रारी लिहिल्या आहेत: एक्झामिनरने एफईआरमध्ये दोन जुनी पेटंटं दाखवून पहिला क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य) नाकारला तेव्हा आम्ही थेट अपील केलं नाही, क्लेम आखडता घेण्याची फी वेगळी लावली, आणि अपील अहमदाबादऐवजी मुंबईला होईल म्हणालो.

फीचं आधी. क्लेम नव्याने लिहिण्याची रक्कम कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत आहे.

एफईआर म्हणजे आदेश नव्हे, आक्षेपांची यादी. तिच्या तारखेपासून ६ महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ते राहिलं तर पेटंट कायद्याच्या कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि त्यावर कलम ११७अ चं अपीलही मिळत नाही. उत्तरानंतर हिअरिंग, मग १५ दिवसांत लेखी म्हणणं. कंट्रोलरने (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्याने) कलम १५ खाली नकार दिला तरच ३ महिन्यांत हायकोर्ट. बडोद्याचे अर्ज पेटंट ऑफिसच्या मुंबई शाखेकडे असतात, म्हणून अपीलही मुंबईलाच.

आता क्लेम. आपल्या उपकरणाबद्दल इथे बोलणार नाही, पंपाच्या सीलचं उदाहरण घेऊ. क्लेममध्ये सील, स्प्रिंग आणि थंड करणारं जॅकेट. एक्झामिनरने दाखवलेली दोन जुनी पेटंटं म्हणजे डी-१ आणि डी-२: डी-१ मध्ये सील-स्प्रिंग, डी-२ मध्ये जॅकेट. नावीन्याचा आक्षेप टिकायला सगळे घटक एकाच दस्तऐवजात हवेत, त्यामुळे तो खोडता येतो. इन्व्हेंटिव्ह स्टेपला (जाणकाराला सहज सुचणार नाही अशी भर आहे का, या कसोटीला) मात्र एक्झामिनर दोन्ही जोडतो. तिथे 'आमचा माल जास्त टिकतो' एवढ्याने भागत नाही. डी-१ सील कोरडा ठेवायला सांगतो आणि डी-२ चं पाणी थेट सीलवरून फिरतं, म्हणजे दोन्ही जोडले तर डी-१ चं काम बिघडतं: मुद्दा हा मांडायचा. मग 'बंद जॅकेट, द्रव सीलला लागत नाही' ही अट क्लेममध्ये घालायची, पण ती मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या वर्णनात) असेल तरच. कलम ५९ नवा मजकूर घालू देत नाही. ही दुरुस्ती कंट्रोलरपुढे सोपी जाते. अपिलात तिचा भरवसा धरू नये.

नकाराचा आदेश त्रोटक असेल तर अपिलाला खरंच जोर येतो. अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटलं की जुनं ज्ञान, नवा शोध आणि जाणकाराला तो कसा सुचला असता, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी.

हिअरिंगआधी डी-१ प्रमाणे बनवलेल्या आणि आपल्या उपकरणाची एकाच वेगावर, एकाच द्रवासह घेतलेली तापमानाची रीडिंग पाठवा. वेगवेगळ्या द्रवांची रीडिंग कंट्रोलर बाजूला ठेवतात.