सर, मना पेनड्राइव्ह कथा गया?

मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास रेंगाळतो आणि कॉलेजात एसीची खोली बहुधा एकच, ती म्हणजे कॉम्प्युटर लॅब. त्यामुळे प्रॅक्टिकल असो नसो, लॅब भरलेली. या गर्दीत सगळ्यात घातक चीज कोणती विचाराल तर मी व्हायरसचं नाव घेणार नाही. मी ‘फाइल निवडा’ या खिडकीचं घेईन. दिसायला गरीब गाय, पण आत राइट-क्लिक केलं की डिलीट आहे, रीनेम आहे, न्यू फोल्डर आहे. पोरगं फोटो अपलोड करायला बसतं आणि उठेपर्यंत दुसऱ्याच्या प्रोजेक्टचं बारावं उरकलेलं असतं.

यावर लॅबवाला पहिल्यांदा काय करतो, तर ड्राइव्ह लपवतो. जीपीएडिट (विंडोजचा ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे निर्बंध लावायची खिडकी) उघडायचं, युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, फाइल एक्स्प्लोरर; ड्राइव्ह लपवायचा पर्याय तिथे. होम एडिशनमध्ये हे जीपीएडिटच नाही, आणि स्वस्तात आलेली मशीन नेमकी होमची निघतात. मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची वही. करंट युजरखाली पॉलिसीज-एक्स्प्लोररमध्ये ‘नोड्राइव्ज’ नावाचा डीवर्ड, म्हणजे आकडा ठेवणारी नोंद. लपवायच्या ड्राइव्हच्या आकड्यांची बेरीज त्यात टाकायची. ए ला 1, बी ला 2, सी 4, डी 8, ई 16, पुढे दुप्पट. सी आणि डी लपवायचे तर 12. पण किंमत टाकायची चौकट उघडते तेव्हा हेक्साडेसिमल (दहाऐवजी सोळाच्या पायाची मोजणी) निवडलेलं असतं. तसंच 12 टाकलं की विंडोज ते 18 वाचतं, म्हणजे 16 अधिक 2. ई आणि बी गायब! सी-डी जागच्या जागी, पेनड्राइव्ह मात्र बहुतेक मशीनवर ई वरच येतो. मागच्या बाकावरून हाक ठरलेली: “सर, मना पेनड्राइव्ह कथा गया?” (अहिराणीत, माझा पेनड्राइव्ह कुठे गेला?)

आणखी एक गोम. ‘करंट युजर’ म्हणजे त्या घडीला लॉगिन असलेला. ॲडमिनच्या लॉगिनमध्ये बसून हे केलं की बंदी ॲडमिनवर, विद्यार्थी मोकळे.

समजा सगळं बरोबर जमलं, तरी हा प्रकार दाराला कुलूप न लावता घराची पाटी काढून ठेवण्यासारखा. फाइल नेमच्या रकान्यात ‘सी:\’ टाइप करून एंटर मारलं की अख्खी सी समोर. हे एफवायच्या पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं. म्हणून सोबत ‘प्रिव्हेंट ॲक्सेस टू ड्राइव्ज’ (ड्राइव्ह उघडूच न देणारी सेटिंग) लावावं लागतं. तेही सी वर लावलं तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सी मध्येच असल्याने पोरांना स्वतःचंच काम उघडेना. पडद्यावर सूचना येते, निर्बंध आहेत, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा. तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे आपणच, आणि आपण चहाला गेलेलो.

खरा बंदोबस्त परवानग्यांचा. डी च्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब बघा. ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना, म्हणजे लॉगिन केलेल्या सगळ्यांना, मॉडिफाय (बदलायची-पुसायची मुभा) आयतंच दिलेलं असतं. ते काढायचं आणि एकाच फोल्डरवर लिहायची मुभा ठेवायची. पण सगळा वर्ग ‘स्टुडंट’ या एकाच लॉगिनने बसत असेल तर यातही दम नाही. विंडोजच्या लेखी सगळे मिळून एकच माणूस, आणि त्याने स्वतःची फाइल उडवली तर कोण अडवणार? लॉगिन वेगवेगळेच हवेत. कंटाळवाणं काम आहे, इलाज नाही.

ब्राउझरचा उपाय त्या मानाने एका ओळीचा. रजिस्ट्रीतच लोकल मशीनच्या पॉलिसीज-गूगल-क्रोममध्ये ‘अलाउफाइलसिलेक्शनडायलॉग्ज’ हा डीवर्ड, किंमत 0. मग ती खिडकी उघडतच नाही, क्रोम कॅन्सल दाबल्यासारखं धरून चालतं. ॲड्रेस बारमध्ये ‘फाइल:///सी:/’ लिहून ड्राइव्ह बघणारे महाभाग असतातच. त्यांच्यासाठी क्रोमच्या यूआरएल ब्लॉकलिस्टमध्ये (बंद पत्त्यांच्या यादीत) ‘फाइल://*’ घाला.

परीक्षेचे नाहीतर शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की मात्र तो 0 आठवणीने 1 करा आणि क्रोमच्या पॉलिसी पानावर रीलोड मारा. नाहीतर सही अपलोड होईना म्हणून ‘चूज फाइल’ दाबून दाबून पोरं माउसचं डावं बटण बसवतील, आणि नव्या माउसचा प्रस्ताव खरेदी समितीत किती दिवस झोपतो ते कारकुनालाच विचारा.