मराठी कोडं सोपं कसं?

शब्दकोड्यांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की मराठी शब्दकोडं इंग्रजीपेक्षा सोपं, कारण शब्दाला चौकटी कमी लागतात. मला नाही पटत. इंग्रजीत एका चौकटीत एक सुटं अक्षर, २६ पैकी कुठलं तरी. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं त्याच चौकटीत! आडवा 'नागपूर' लिहिला की तिसऱ्या चौकटीत दीर्घ 'पू'. त्यातून खाली 'पूजा' निघेल, 'पुरण' नाही. आणि 'सीताबर्डी'तल्या 'र्डी'तून उभा शब्द काढायचा तर रचणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

आमच्या नागपुरातल्या धरमपेठच्या घरी बाबा रविवारचा पेपर उघडायचे तेच पेन्सिल घेऊन. एकदा छापील उत्तरात एकाच चौकटीत आडव्याला ऱ्हस्व, उभ्याला दीर्घ असं खपवलेलं निघालं, तर दिवसभर हळहळत होते. मलाही ती सूट मान्य नाही.

बाकी इतिहास छान दिलाय. पत्रकार आर्थर विनचं २१ डिसेंबर १९१३ चं, पहिलं मानलं जाणारं शब्दकोडं शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं, मधोमध पोकळ, हेही यायला हवं होतं.

लेखासोबतचं कोडं सोडवतेय. आडवे सगळे आले, उभ्या सातवर अडकलेय.