सगळ्या वायरी पांढऱ्या

भिंतीत खिळा ठोकायचा असला तर आमच्या घरी मला हातोडी देत नाहीत. मी ठोकलेला खिळा वाकतो, गिलावा पडतो आणि फोटो तिरका लागतो, हे बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच ताडलं होतं. पण त्याच मला अमेरिकन सरकार विमान उघडून त्यातल्या वायरी उपटायची खुशाल मुभा देतं. विमान हौशी माणसाने घरी बांधलेलं असलं की त्याची दुरुस्ती कोणीही करावी. वर्षातून एकदा परवानेवाल्या मेकॅनिकने सगळं तपासून सही करायची, बस्स. मधले 364 दिवस तुम्ही आणि तुमचं कुलदैवत.

माझं विमान मी बांधलेलं नाही, नाहीतर वाचक लेख इथेच सोडून विमा कंपनीला फोन लावायचे. ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीच्या किटमधून बांधलेलं आरव्ही-6 आहे, सेकंडहँड. शेजारीशेजारी दोन सीटा, पुढे 160 हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन. आधीच्या मालकाने ओहायोतल्या आपल्या गॅरेजात नऊ वर्षं रिव्हेट ठोकून ते उभं केलं. त्याच्या हाताला फार सफाई होती. फक्त एकच खोड, ती पुढे येईल.

आत बसलं की समोर नियमाने लावलेली पाटी दिसते. हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून प्रमाणित विमानांचे केंद्रीय सुरक्षा नियम पाळत नाही, अशा अर्थाची. बायको दर वेळी ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखी मोठ्याने वाचते आणि मग पट्टा आवळते.

तर गेल्या ऑक्टोबरात व्हॅक्यूम पंप गेला. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये सहा गोल तबकड्या असतात. वेग, क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढ-उतार. इकडचे वैमानिक त्यांना ‘सिक्स पॅक’ म्हणतात, आणि माझ्या मालकीचे तेवढेच सिक्स पॅक होते. त्यातल्या दोन तबकड्यांचे जायरो, म्हणजे आतले भोवरे, इंजिनावरच्या पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात. या पंपाच्या आत कार्बनच्या पट्ट्या असतात, आणि तो बिघडताना आधी कुरकुरत वगैरे नाही, एका क्षणात राम म्हणतो. बाहेर लख्ख ऊन, खाली मक्याची कापलेली शेतं, आणि पॅनेलवरचं क्षितिज हळूहळू एका कुशीवर होतंय, श्रीखंडपुरीनंतर आमचे मामा होतात तसं. खरं क्षितिज खिडकीतून दिसत होतं म्हणून काही बिघडलं नाही.

नवा पंप घालायचा आणि मोकळं व्हायचं, असा सरळ बेत होता. तेवढ्यात शेजारच्या हँगरमधले, म्हणजे विमानांच्या शेडमधले, आजोबा कॉफीचा मग घेऊन आले. वय ऐंशीच्या घरात. स्वतःचं विमान अकरा वर्षांपासून ‘पुढच्या वसंतात’ उडणार आहे, पण सल्ला मात्र रोज उडत असतो. म्हणाले, “आजकाल पंपावर कोण पैसे घालतं? त्यापेक्षा सगळ्या तबकड्यांऐवजी एक स्क्रीन लाव.”

भटाला दिली ओसरी.

स्क्रीन चौकोनी. जुनी भोकं गोल, तीन इंचांहून जरा मोठी. म्हणजे पॅनेलचा पत्राच नवा हवा. पत्रा नवा तर जुने स्विच त्यात कळकट दिसतात. स्क्रीनला इंजिनाचे आकडेही दाखवता येतात, मग चारही सिलिंडरना तापमानाचे सेन्सर का नकोत? स्क्रीनवर भिस्त ठेवायची तर तिला राखीव बॅटरी हवी. बॅटरीला जागा हवी. त्या जागेत आधीच्या मालकाने काय बसवलं होतं, हे तिथे बारीकसा आरसा घातल्यावर कळलं. काहीच नाही, नुसता वायरींचा गुंता.

पैशांचं म्हणाल तर इकडे विमानवाल्यांनी एक सोय करून ठेवली आहे. हजार डॉलरना ते ‘एक एएमयू’ म्हणतात, म्हणजे एव्हिएशन मॉनेटरी युनिट. “दीड एएमयूत झालं” असं जेवताना म्हटलं की काहीतरी किरकोळ झालं असं वाटतं. आमच्याकडे ही सोय तीन आठवडे चालली. मग बायकोने ते गूगल केलं.

आता त्या खोडीबद्दल. आधीच्या मालकाने सगळं विमान एकाच रंगाच्या वायरीने जोडलं होतं. पांढऱ्या. विमानाची चांगली वायर बहुधा पांढरीच मिळते, त्यामुळे रंगाबद्दल तक्रार नाही. पण एकीलाही चिठ्ठी नाही! बत्तीची पांढरी, इंधन पंपाची पांढरी, रेडिओची पांढरी. कुठली कुठे जाते ते त्या सज्जनाच्या डोक्यात होतं, आणि डोकं विक्रीत समाविष्ट नव्हतं.

पॅनेलच्या मागे पोचायचं तर सीट काढून उताणं झोपायचं, डोकं रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलांमध्ये घालायचं आणि पाय मागच्या सामानाच्या कप्प्याकडे वर सोडायचे. शीर्षासन आणि शवासन यांच्या मधलं हे आसन आहे. त्यात दातांत टॉर्च, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात वायर. आणि नेमका याच वेळी आईचा मिरजेहून व्हिडिओ कॉल. मी उचलला, कारण न उचलावा तर ती बायकोला लावते. आईला स्क्रीनवर फक्त माझ्या नाकपुड्या आणि वायरी दिसल्या. “अरे, इस्पितळात आहेस का तू?” हा तिचा पहिला प्रश्न. “नाही गं, विमानात,” म्हटल्यावर ती जास्त घाबरली.

जानेवारीत एक नट हातातून निसटला. घरी नट पडला तर माणूस दुसरा घेतो. विमानात तसं चालत नाही, कारण सुटा नट कधीतरी सरकत जाऊन कंट्रोलच्या दांड्यात अडकू शकतो. सापडेपर्यंत बाकीचं काम बंद. दोन संध्याकाळी मी जमिनीशी समांतर होतो. तिसऱ्या दिवशी घरच्या वॉशिंग मशीनमध्ये खडखड झाली. बायकोने माझ्या पँटच्या दुमडीतून निघालेला नट दोन बोटांत धरून आणला आणि पोळ्यांच्या डब्यावर ठेवला. त्या वेळी ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

फिटिंगच्या बाबतीत चूक निव्वळ माझ्या उतावळेपणाची. इंधनाच्या दाबाच्या सेन्सरला एक जोड हवा होता. विमानाच्या दुकानातून मागवायचा तर चार दिवस, आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान कोपऱ्यावर. आणला, आटे बसले, पाना फिरवला, मिशीवर ताव दिला. गळायला लागला. आणखी आवळला. आणखी गळला. आजोबांनी तो हातात घेऊन नुसता उजेडात धरला. विमानाच्या जोडाचं तोंड 37 अंशांत उतरतं असतं, गाडीवाल्याचं 45 अंशांत. आठ अंशांपायी माझा रविवार गेला.

पण सगळ्यात सुंदर फजिती नळ्यांची. विमानाला दोन प्रकारे हवा कळते. पंखाखालच्या पिटो नळीत समोरून वाऱ्याचा दाब येतो, तर अंगावरच्या बारीक भोकांतून भोवतालच्या हवेचा शांत दाब. दोन्हींतल्या फरकावरून वेग, दुसऱ्या एकट्यावरून उंची. चाचणीसाठी पिटोला नळी लावून इंजेक्शनच्या सिरिंजने अगदी हळू दाब द्यायचा. मी दिला. वेग शून्यावर ढिम्म, आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा उतरायला लागला. आठशे, सातशे, सहाशे... हँगरच्या फरशीवर बसल्या जागी मी साडेचारशे फूट जमिनीत गेलो. दोन्ही नळ्या मी उलट्या जोडल्या होत्या. आजोबा म्हणाले, “थांबू नकोस, तेल लागेल.”

एप्रिलमध्ये सगळं जागच्या जागी बसलं. स्क्रीन उजळली, चार सिलिंडरांची तापमानं रांगेत उभी राहिली. फक्त साधं, पाण्यासारख्या द्रवात तरंगणारं चुंबकी होकायंत्र चाळीस अंश चुकत होतं. मला खात्री, जवळून जाणाऱ्या एखाद्या वायरीतला करंट. पुन्हा ते आसन, पुन्हा दातांत टॉर्च. दोन शनिवार वायरींच्या जुड्या सोडून दुसरीकडून नेल्या. होकायंत्र आपल्या मतावर ठाम.

मग आजोबांनी कॉफीचा मग खाली ठेवला आणि काचेच्या चौकटीच्या लोखंडी दांड्याकडे बोट दाखवलं. तिथे आईने कुरिअरने पाठवलेला गाडीतला गणपती बसवला होता. बूड चुंबकाचं. नव्या पॅनेलवर म्हणून मीच हौसेने बसवला होता, होकायंत्रापासून चार बोटांवर. विघ्नहर्त्याला हात जोडून चुंबक काढला आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीवर त्याची पुनःप्रतिष्ठापना केली. उत्तर दिशा जागेवर आली.

मे महिन्यात मेकॅनिक वार्षिक तपासणीला आला. माणूस अबोल. त्याने पॅनेलखाली डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी प्रत्येक वायरीला छापील चिठ्ठी लावली होती, त्याबद्दल “नीट आहे” एवढं म्हणाला. मग एका पांढऱ्या वायरीपाशी थांबला. ही वायर सगळं जोडून झाल्यावर उरली होती. फ्यूज काढून पाहिला तर विमानातलं काहीही बंद पडेना, म्हणून फ्यूज तसाच बाहेर ठेवून मी तिचं टोक झाकलं होतं. चिठ्ठी मात्र तिलाही लावली होती, हाताने, देवनागरीत.

“यावर काय लिहिलंय?” त्याने खालूनच विचारलं.

‘देव जाणे’ असं लिहिलं होतं.

“स्पेअर,” मी म्हणालो.

त्याने सही केली.