मोठा जाळ केला की धुराडं साफ होत नाही
आठवड्यातून एकदा फायरप्लेसमध्ये मोठा जाळ केला की आतलं क्रिओसोट जळून जातं, ब्रश मारायची गरजच नाही, असा मेसेज फिरतोय. प्लीज असं करू नका. क्रिओसोट म्हणजे धूर वर जाताना गार होऊन आत चिकटणारा डांबरासारखा थर, तोच पेटला तर धुराड्यातच आग लागते, 1000 अंशाच्या वर जाते आणि आतलं अस्तर तडकतं.

थर कमी करायचा तर लाकूड सुकं हवं, ओलावा 20 टक्क्यांच्या खाली, म्हणजे फोडून निदान सहा महिने वाळवलेलं, दोन तुकडे आपटले की टणक खणखणीत आवाज येतो, ओल्याचा नुसता धप्प येतो. हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवू नका. आणि वर्षातून एकदा तपासणी हवीच, काळा चकचकीत थर दिसला तर घरी खरवडत बसू नका, जाणकारालाच बोलवा.