एण्णी हाकूदैति

गाडीचा काटा एकोणपन्नास हजार नऊशेवर आला तेव्हा मी काकांना सहज विचारलं, "ऑइल कुठलं घालू ओ?" हे 'सहज' मला पुढं एका शर्टाला आणि दोनदा घेतलेल्या ऑइलला पडलं.

काकांची तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर गेली. त्यांना तेल डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कळतं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून दाखवली. "अस्सं पाहिजे. ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी. काकवीसारखं. पातळ तेल म्हणजे ताक बघ, इंजिनाच्या अंगाला लागत नाही."

"खरं पुस्तकात फाइव्ह डब्ल्यू थर्टी लिहिलंय."

"पुस्तक जपानात लिहिलंय. तिथं बर्फ पडतं."

काका निम्मे बरोबर होते, आणि निम्म्या बरोबर माणसाशी वाद घालण्यासारखी शिक्षा नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, हे खरंच. ५ डब्ल्यूवालं तेल उणे ३० अंशाला इंजिन फिरू देतं का, याची परीक्षा होते. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे कॅम्पात लोक कानटोपी, मफलर, वर शाल असे बाहेर पडतात, खरं उणे ३० नव्हे. पण दुसरा आकडा शंभर अंशाला तेल किती दाट राहतं त्याचा. इंजिन एकदा तापलं की ते जपानात आहे की टिळकवाडीत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि रात्रभर गाडी उभी राहिली की तेल बरंचसं खाली उतरून बसतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते वर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. ताक झटकन चढतं. काकवी सावकाश, देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या आजीसारखी.

हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "घाल मग तुझं ताक."

दुकानात नवा फाटा निघाला, मिनरल की सिंथेटिक, म्हणजे खनिज की कृत्रिम. सिंथेटिक म्हटलं की काकांना टेरिलिनचा शर्ट आठवतो, त्यामुळे त्यांना घरी ठेवूनच गेलो होतो. दुकानदारानं डब्यावरचा गोल शिक्का दाखवला, त्यातली अक्षरं तेलाच्या दर्जाची. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पेट्रोल गाडीला पुढचं अक्षर चालतं, मागचं नको. मिनरलवाला एक गिऱ्हाईक आणि सिंथेटिकवाला एक गिऱ्हाईक यांची माझ्या डोक्यावरून जुंपली. वाद लटकत ठेवायचं आम्हाला बाळकडूच आहे. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, सर्वोच्च न्यायालयात जाऊनही तो २००४ पासून तिथंच आहे. इंजिनाला मात्र एवढा दम नसतो. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. मी सिंथेटिक, फिल्टर आणि खालून तेल सोडायच्या नटाचा वायसर घेऊन पळ काढला.

ऑइल घरीच बदलायचं, ही अवदसा मला सुचली. काकांनी उद्यमबागेतून वेल्डिंग केलेले दोन लोखंडी रॅम्प आणले. उजेडाला बॅटरी धरायला माणूस हवा होता. शेजारचे अण्णा बैलहोंगलचे, निवृत्त कंडक्टर. माझं कन्नड बस स्टँडपुरतं. तरी कंपाउंडवरून म्हटलं, "अण्णा, संजीमुंद एण्णी हाकूदैति, बर्री." संध्याकाळी तेल घालायचंय, या.

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. एवढ्या उत्साहानं कुणाच्या गाडीचं तेल बदलायला कोण येतं, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

सहा वाजता मी गाडीखाली उताणा. आधी इस्त्रीची पँट दिसली, मग चपला, मग शेजारी टेकवलेली पिशवी. पिशवीत चिरमुरे, शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, वर लिंबू. एण्णी म्हणजे तेल, आणि 'एण्णी हाकणं' म्हणजे बाटली उघडून बसणं, हे ज्ञान मला त्या लिंबानं दिलं. अण्णा वाकले. त्यांनी मला पाहिलं, जुनं घमेलं पाहिलं, फनेल पाहिलं.

"ई एण्णी एन्री?" हे तेल होय?

खरं भला माणूस. परत गेले नाहीत. उकिडवे बसून बॅटरी धरली. मात्र दर दोन मिनिटांनी तिचा झोत चिरमुऱ्यांकडं वळायचा आणि मी अंधारात.

नट पान्यानं सैल झाला की शेवटचे आटे बोटांनी काढायचे, आणि आट्यातून सुटल्याबरोबर हात मागं घ्यायचा. हात मागं घ्यायचं माझ्या लक्षात होतं, हाताच्या नव्हतं. कोमट काळं तेल बोटांवरून मनगटात, मनगटातून बाहीत आणि बाहीतून काखेत गेलं. फिल्टर निघाला. नव्याच्या रबरी रिंगला काकांनी सांगितल्याप्रमाणं बोटभर तेल लावलं, हातानं बसवला, टेकल्यावर पाऊण फेरा आवळला. काका वरून म्हणाले, "पाना लावू नको!" मी लावला नाही. सगळं बरोबर केलं. फक्त फिल्टर जिथून काढला तिथं वर कुणी बघितलं नाही.

मग काळ्या हातांनी आम्ही तिघांनी चिरमुरे खाल्ले. जुनं तेल कोपऱ्यावरचा सुतार घेऊन गेला, चौकटींना वाळवीसाठी.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी थांबली. गेट पडलेलं, मागं रांग. जळकट वास आला. मागचा स्कूटरवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, गाडीखाली बघा की ओ." इतक्यात समोर तांबडा दिवा लागला, चोचीच्या तेलाच्या भांड्याचा, टोकाला एक थेंब. इंजिन बंद करून उतरलो. गाडीपासून मागं काळी रेघ निघाली होती, वळणासकट, थेट आमच्या गल्लीच्या दिशेनं. घर विचारत यायची कुणाला गरज नव्हती.

मेस्त्री तिथंच आला. फिल्टर काढला, नख घातलं आणि दोन रबरी रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, तिच्यावर मी नवी चढवली होती. दोन रिंगांवर फिल्टर धरत नाही. दाब आला की मधून तेल सुटतं.

"ऑइल कुठलं घातलंय?"

मी सांगितलं.

"भारी आहे की. रस्त्यालाही तेच घातलंत नव्हे?"

संध्याकाळी काका फाटकापाशी वाकले. रेघेवर बोट फिरवलं, अंगठा आणि तर्जनी चोळली.

"पातळ," ते म्हणाले. "काकवी असती तर गळली नसती."

कंपाउंडवरून अण्णांचं डोकं वर आलं. "इवत्त एण्णी इल्लेन्री?" आज तेल नाही का?

"इल्ल्री!" स्वयंपाकघरातून बायकोनंच उत्तर दिलं. "चार दिवस झाले सांगून, घरात गोडेतेलाचा थेंब नाही!"